तांबड्या डागाचा नळ

"नळ," सारजा म्हणाली.

कार्ड अजून गठ्ठ्यातून पुरतं बाहेरही आलं नव्हतं. झुंबर गुरुजींच्या बोटांतून त्याचा नुसता कोपरा डोकावला आणि तेवढ्यावर पोरीनं शब्द सांगून टाकला. गुरुजींनी दुसरं कार्ड वर केलं.

"मगर."

"गवत. घर. बदक." गुरुजींचा हात थकला, पण सारजाचं तोंड थकलं नाही. शेजारी बसलेला विशाल रडकुंडीला आला.

"गुरुजी, हिला गप बसवा की! आमाला वाचूच देत न्हाय ही."

गुरुजी मिशीतल्या मिशीत हसले. मेंढक्याची पोर, घरात पाटी नाही की पेन्सिल नाही, श्रावणात शाळेत आलेली. आणि दसऱ्याच्या आत गठ्ठाभर शब्द घडाघडा वाचते! मांडीवर कोकरू घेऊन वर्गात बसते म्हणून हेडमास्तर मानसिंगराव तिच्यावर करवादायचे. त्या दिवशी गुरुजींनी त्यांना मुद्दाम बोलावून सगळा गठ्ठा पुन्हा वाचून घेतला. मानसिंगरावांनी कोकराकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "हुशार हाय पोरगी, बनकर गुरुजी. मानलं."

इंदापूर तालुक्यातल्या त्या वस्तीवरच्या शाळेत झुंबर बनकर पहिलीचे गुरुजी होते. नोकरीला लागले ते पहिलीवर, आणि मिशी पांढरी झाली तरी पहिलीवरच. कन्हेरीहून लुना फटफटवत यायचे. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की हटकून विचारायचं, "काय गुरुजी, पास झाला का न्हाय अजून? का यंदा बी पहिलीतच?" गुरुजी म्हणायचे, "डोकंच चालत न्हाय बघा, दुसरीत जाऊ देत न्हाईत."

खरं म्हणजे पहिली कुणालाच नको असते. नाकं पुसा, चड्ड्यांच्या नाड्या बांधा, आईच्या नावानं रडणाऱ्याला कडेवर घ्या. आणि एवढं करून यश पदरात पडत नाही. चौथीच्या गुरुजींना स्कॉलरशिपची पोरं लक्षात ठेवतात, सातवीच्या गुरुजींना तर लग्नाची पहिली पत्रिका येते. पहिलीचा मास्तर कुणाच्याच ध्यानात राहत नाही. एकदा वाचता आलं की पोराला वाटतं, आपल्याला हे जन्मल्यापासूनच येत होतं. पोहायला शिकवणाऱ्या मामाची आठवण राहते, चालायला शिकवणाऱ्या आईची राहत नाही, तसलाच हा प्रकार.

गुरुजींना मात्र एका गोष्टीचं व्यसन लागलं होतं. अक्षराला अक्षर जोडता जोडता एखाद्या दिवशी पोर थबकतं, ओठ हलवतं, आणि कुणी न सांगितलेला शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडतो. त्या वेळी पोराच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघण्यासाठी हा माणूस बढतीच्या दोन संधी सोडून बसला होता. बायको छबूबाई याला वेडेपणा म्हणायची. पण सांगताना तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं.

सारजाचा बाप बिरदेव मारकड शाळेमागच्या माळावर राहायचा. दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचं आणि मृगाच्या तोंडावर परत यायचं, हा त्याच्या घराण्याचा शिरस्ता. या वाटेवर लहान पोरांना मोठं काम असतं. दिवसभर कोकरं सांभाळायची, आणि मेंढरं चरून आली की आपापल्या आईला लावून द्यायची. पोर एकदा वाटेला लागलं की शाळा सुटली ती सुटलीच. गुरुजींनी अशी कितीतरी पोरं दिवाळीनंतर हजेरीतून गेलेली पाहिली होती.

म्हणून मानसिंगरावांनी मान डोलावली त्याच संध्याकाळी गुरुजी माळावर गेले.

"बिरदेव, यंदा पोरगी आजीपाशी ठेव. वाचाया लागलीया ती."

बिरदेव बाजेवर बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. "गुरुजी, आमचा थोरला पोरगा नागेश मामाच्या गावाला दोन वर्सं शाळंत गेला. समदं पुस्तक पाठ. मला लई हुरूप आला. बारामतीच्या स्टँडवर त्याला म्हणलं, वाच रं गाडी कुठली हाय ती. त्यो म्हणला इंदापूर. बसलो. आन् उतरलो कुठं? दौंडात!"

आत चुलीपाशी बसलेली त्याची म्हातारी आई ठमाबाई फसकन हसली. बिरदेवला हसू आलं नाही.

"त्या दिशी ठरीवलं, पाठ केल्यालं वाचान आपल्याला नगं. त्याच्यापरीस कोकरं राखल्याली बरी."

"सारजाचं तसं न्हाय. माझा शब्द हाय तुला."

बिरदेवनं आता वर पाहिलं. शब्द या गोष्टीला माळावर किंमत होती. "बरं. मग निघायच्या दिशी माझ्यासमोर वाचू द्या. पुस्तकातलं न्हाय. मी दावीन त्ये. वाचलं तर ऱ्हाईल आजीपाशी, न्हाय तर आमच्यासंगं येईल. हाय कबूल?"

"कबूल," गुरुजी म्हणाले आणि शीळ घालत घरी गेले.

शीळ दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी सारजाच्या कोकरानं सुट्टीत वर्गात शिरून कार्डांचा गठ्ठा खाल्ला. पुरता खाल्ला नाही, पण जे उरलं ते हातात धरण्यासारखं नव्हतं. गुरुजींनी कोकराला दोन शिव्या घातल्या आणि रविवारी घरी बसून साबणाच्या खोक्यांची कोरी बाजू कापून नवा गठ्ठा केला. तेच शब्द, तेवढीच मोठी अक्षरं, उलट जास्त ठसठशीत.

सोमवारी त्यांनी पहिलं कार्ड वर केलं. वर्ग सारजाकडे बघू लागला. सारजा गप्प.

"अगं, वाच की. रोजचंच हाय."

सारजानं मान तिरपी करून कार्डाच्या कडा न्याहाळल्या. मग म्हणाली, "हे आपल्यातलं न्हाय गुरुजी."

"म्हंजे?"

"आपल्या नळाला तांबडा डाग हुता. मगरीचा कान फाटल्याला हुता, हितं, कोपऱ्यात. गवताला चहा सांडल्याला. बदकाची कड कुरतडल्याली. ही समदी नवी आणल्यात. मी वळखत न्हाय ह्यांना."

वर्ग खो खो हसला. गुरुजीही हसले, हसता हसता खुर्चीवर बसले, आणि बसल्यावर त्यांना उमगलं. पोरीनं एवढे दिवस एकही अक्षर वाचलं नव्हतं. कळपातली दोनशे मेंढरं जशी ती कुणाच्या कानाचा काप, कुणाच्या तोंडावरचा ठिपका बघून ओळखायची, तशीच तिनं कार्डं ओळखली होती. तिच्या लेखी यात लबाडी काडीची नव्हती. ओळखा म्हटलं, तिनं ओळखलं. आणि त्या जोरावर हा शहाणा माणूस बिरदेवला शब्द देऊन बसला होता.

मग रीतीप्रमाणे सुरुवात झाली. क, ख, ग. सारजा गाण्यासारखी मुळाक्षरं म्हणायची आणि मधलं एक अक्षर विचारलं की पहिल्यापासून गाणं सुरू करायची. बाराखडीचंही तेच. पोरगी मुकाट होत चालली. गुरुजी वैतागले, एकदा तर तिच्यावर खेकसले, आणि ती खाली मान घालून कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचं ते गप्प बसणं त्यांना फार लागलं. दिवाळी जवळ येत होती.

एका संध्याकाळी जीव राहवेना म्हणून ते पुन्हा माळावर गेले. बिरदेवला खरं काय ते सांगून टाकावं, असा विचार होता. पण तेवढ्यात मेंढरं चरून आली आणि जो गलका उठला त्यात बोलायची सोयच उरली नाही. दोरीच्या जाळीत कोंडलेली कोकरं एका सुरात ओरडत होती, बाहेरून आया ओरडत होत्या, आणि मधे सारजा. एकेक कोकरू उचलायची, नेमकी त्याची आई गाठायची, आणि कासेला लावून परत फिरायची. शाळेतली मुकी पोर ती हीच का, असं गुरुजींना वाटलं.

नागेशनं माळावरून उपरण्यात गुंडाळून एक ओलं कोकरू आणलं. वाटेत व्यालेल्या दोन मेंढ्यांपैकी कुणाचं ते त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्यानं ते सारजापुढं ठेवलं. सारजानं ते आजवर पाहिलेलं नव्हतं. तिनं त्याचा कान चाचपला, पाय बघितले, तोंड वर केलं.

"भुरीचं हाय ह्ये. लाव जा."

गुरुजी पुढे झाले. "तुला कसं कळलं गं? ह्याला तर तू आत्ताच बघतीयास."

"त्यात काय? कान आखूड हाय, त्यो भुरीचा. गुडघं काळं हायेत, ती आपल्या मेंढ्याची. थोडं आईचं घ्येतंय, थोडं बाचं घ्येतंय. नवं असलं म्हणून काय झालं, आंग वळखीचंच असतंय की."

गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. बिरदेवला सांगायला आले होते ते न सांगताच परत फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच नवा शब्द लिहिला. सारजाला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "सारजा, हे नवं कोकरू हाय. तू कधी बघितल्यालं न्हाय. सांग, हे कुणावर गेलंय?"

सारजा फळ्यापाशी गेली. शेजारी 'नळ' आणि 'मगर' लिहून ते गुरुजींनी आधीच वाचून दाखवले होते. ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं बोट ठेवलं. "तोंड नळाचं हाय."

"नळाचं तोंड काय म्हणतंय?"

"न."

"आन् मागलं आंग?"

"मागलं... मगरीचं. ग. र." तिचे ओठ हलले. ती थबकली. "न... गर. नगर!" आणि मागे वळून साऱ्या वर्गाला ओरडून म्हणाली, "नगर! माझी मावशी ऱ्हाती नगरला!"

गुरुजींना जे बघायचं होतं ते त्यांनी बघितलं. डोळे भरून बघितलं.

त्यानंतर पहिलीच्या वर्गाचा अक्षरशः कळप झाला. शब्द आला की आधी त्याचे आईबाप हुडकायचे. काना मागे उभा राहिला की पोरं म्हणायची, काठी घेऊन मेंढका आला, आता लांब ओढायचं. वेलांटी म्हणजे शिंग; मागच्या बाजूला वळलं तर आखूड बोलायचं, पुढच्या बाजूला वळलं तर लांब. घ आणि ध ही जुळी. एकाची डोई झाकलेली, एकाची उघडी, त्यावरून ओळखायची. मानसिंगराव दारातून ऐकायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. "बनकर, साहेब आले म्हंजे काय सांगू? पहिलीत मेंढरं राखत्यात म्हणून?"

"राखू द्या की. एकबी हरवत न्हाय, एवढं सांगा."

विशालसुद्धा माळ्याच्या घरचा असून मेंढक्याच्या वर वाचू लागला. सारजा तर सुटलीच. खताच्या गोणीवरचं, काडेपेटीवरचं, एसटीच्या मागचं, दिसेल ते फोडायची. जोडाक्षर आलं की अडायची, चिडायची, पण सोडायची नाही. कधी कधी शब्द चुकायचा आणि तो चुकला हे तिचं तिलाच कळायचं. गुरुजींच्या मते ही खरी विद्या.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी बिरदेवचं बिऱ्हाड हललं. गुरुजी पोहोचले तेव्हा घोडीवर भांडी, जाळ्या, घोंगड्या, वर दोन कोंबड्या, आणि सगळ्यात वर सारजाच्या कपड्यांचं गाठोडंही बांधून झालं होतं. त्या गाठोड्याकडे बघतच गुरुजींनी विचारलं,

"बिरदेव, ठरल्यालं ध्यानात हाय ना?"

"हाय की. सारजा, हिकडं ये." बिरदेवनं इकडे तिकडे पाहिलं. माळावर वाचण्यासारखं काही नव्हतं, आणि असतं तरी ते बरोबर वाचलं की चूक हे त्याला कळणार कसं? त्याचा विचार मात्र आधीच झालेला होता. "गुरुजी, मला अडान्याला लिवल्याल्यातलं एकच ठावं हाय. आय, हात दाव तुझा."

ठमाबाई उंबऱ्यावर बसली होती. ती जागची हलली नाही. "कशाला रं?"

"दाव की. गोंदल्यालं वाचू दे पोरीला."

म्हातारीनं सावकाश बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला. कोपराच्या आतल्या अंगाला हिरवट निळं काहीतरी होतं. कातडी सुरकुतलेली, रेघा फाकलेल्या. घरात कुणी वाचणारं नव्हतं आणि बाहेरच्या वाचणाऱ्यानं बाईमाणसाच्या हातावर नजर लावायची पद्धत नव्हती. गुरुजी चार पावलं लांबच उभे राहिले. मदत तर करता येणार नव्हतीच.

सारजा गुडघ्यांवर बसली. अंगठ्यानं तिनं आजीची कातडी ताणून धरली.

"नवं हाय," ती पुटपुटली. मग नाक लावून बघू लागली. "ह्यो म... न्हाय. मची डोई बांधल्याली असती, ह्याची मोकळी हाय, वर गाठ हाय. भ. भाकरीचा भ." तिनं बोट पुढे सरकवलं. "शिंग हाय. फुडं वळलंय. भी." घोडीनं पाय आपटला तरी तिनं मान वर केली नाही. "आन् ह्यो म. मागं काठी. मा."

ती मागे सरली. "भीमा."

बिरदेवचा चेहरा उतरला. त्यालाही पोरीनं वाचायला हवं होतं, हे गुरुजींना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"चुकली," तो म्हणाला. "तितं आमच्या आबांचं नाव हाय. सिद्धू." आणि घोडीकडे वळून दोर आवळू लागला.

बापानं चूक म्हटल्यावर माळावरची पोर बोलत नाही. सारजानं बापाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, आणि पुन्हा आजीच्या हातावर वाकली. बोट ठेवून तिनं सगळं पहिल्यापासून तपासलं. मग मान हलवली.

"सिद्धू न्हाय, बा. सिद्धूचं ह्यात एकबी आंग न्हाय. भीमाच हाय."

गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सगळी नोकरी या एका वाक्यासाठी केली असं त्यांना वाटलं. ते बोलायला पुढे होणार, तेवढ्यात ठमाबाई बोलली.

"न्हाय चुकली ती."

बिरदेवचा हात दोरावर थांबला. "भीमा कोण?"

"तुझी थोरली भन."

म्हातारी कुणाकडेच बघत नव्हती.

"तुज्या आदीची. चालाया लागली हुती. कोकणाच्या वाटंला घाटात ताप आला आन् ग्येली. तितंच ठिवली आन् फुडं चाललो, मेंढरं थांबत्यात व्हय? तुझ्या बाला तिचं नाव काढल्यालं सोसायचं न्हाय. मंग जत्रंत गोंदून घ्येतलं मी. त्येला वाटलं त्येचंच नाव हाय. लई खूश झाला हुता." ती किंचित हसली. "त्यो तरी कुठं वाचणारा हुता."

मग बिरदेवनं घोडीवरचा आवळलेला दोर सैल केला, वरचं गाठोडं काढलं आणि आणून आईशेजारी उंबऱ्यावर ठेवलं. जाताना त्यानं आईच्या हाताला आपला हात लावला आणि कपाळाला नेला. गुरुजींकडे बघून मान लववली. मेंढरं धूळ उडवत निघाली. सारजाचं कोकरू नागेशच्या खांद्यावरून मागे बघत ओरडत गेलं, तेव्हा ती थोडी रडली.

धूळ खाली बसली तरी ठमाबाईचा हात पसरलेलाच होता. बांगड्या तिनं खाली ओढल्या नव्हत्या.

"सारजे," ती म्हणाली, "पुन्यांदा वाच."

सारजानं नाक पुसलं आणि हातावर नजर टाकली. आता तिला अक्षरं फोडावी लागली नाहीत, बोटही ठेवावं लागलं नाही. दारातून कुणाला हाक मारावी तसं ती म्हणाली, "भीमा."

"आजून."

गुरुजींनी लुना स्टँडवरून काढली, पण चालू केली नाही. सडकेला लागेपर्यंत ते ती हातानंच ढकलत गेले.